परळीत 'प्राइड' दाखवायचा तर: तयारीची यादी

यादीची सुरुवात यजमानांपासून करा. 'प्राइड' हा सिनेमा आपल्या तालुक्याच्या गावात दाखवायचा तर निमंत्रणाच्या खाली दोन नावं शेजारी शेजारी हवीत. एक कामगारांच्या युनियनचं, दुसरं समलैंगिक आणि तृतीयपंथी मंडळींच्या गटाचं. गट नसला, चारपाच जणांचा नुसता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असला, तरी भागतं. पण एकानं माणसं जमवायची आणि दुसऱ्यानं येऊन विषय समजावून सांगायचा, अशी वाटणी करू नका. ती झाली की हॉलमध्ये प्रबोधनाचं वातावरण तयार होतं, माणसं घड्याळ बघू लागतात, आणि सिनेमात जे घडतं त्याच्या नेमकं उलटं आपल्याकडे घडतं. सिनेमातली समलैंगिक पोरं खाणकामगारांना काही समजवायला जात नाहीत. संपकऱ्यांच्या चुलीसाठी पैसे घेऊन जातात. बाकीचं सगळं त्यानंतर.

त्यामुळे पहिली बैठक दोन्हीकडच्यांची एकत्र, आणि तीही युनियनच्या ऑफिसात नको, कुणाच्या तरी घरी. चहा झाला की सिनेमा आधी त्या आठदहा जणांनी मिळून बघायचा. न बघता कार्यक्रम घेणारे पुष्कळ असतात, आणि पहिल्याच शिवीला तेच उठून दाराकडे बघतात. शिव्या आहेत, बारमधले प्रसंग आहेत, मारहाण आहे, एड्सची भीती आहे. लहान लेकरांना घेऊन येऊ नका असं निमंत्रणातच लिहा. कॉलेजातली पोरंपोरी मात्र जरूर यावीत.

मूळ गोष्ट स्वयंसेवकांना तोंडपाठ हवी, कारण दारावर लोक तेच विचारणार. सिनेमा २०१४ चा, ब्रिटनमधला. दिग्दर्शक मॅथ्यू वॉर्कस, लेखक स्टीफन बेरेसफर्ड, लांबी दोन तासांची. मार्च १९८४ मध्ये कोळसा खाणी बंद करायच्या सरकारी निर्णयाविरुद्ध ब्रिटनमधले लाखावर खाणकामगार संपावर गेले. पंतप्रधान मार्गारेट थॅचर. त्या वर्षी जूनअखेरीस लंडनमध्ये समलैंगिकांचा प्राइड मोर्चा निघाला, त्यात मार्क ॲश्टन आणि माइक जॅक्सन या दोघांनी बादल्या फिरवून संपकऱ्यांसाठी पैसे गोळा केले. त्यातून 'लेस्बियन्स अँड गेज सपोर्ट द मायनर्स', म्हणजे खाणकामगारांच्या पाठीशी समलैंगिक, हा गट उभा राहिला. युनियनच्या पैशावर कोर्टाची टाच येत होती, म्हणून मदत थेट वस्तीवर पोचवायची पद्धत पडली. या गटानं दक्षिण वेल्समधलं डिलाइस खोरं धरलं. १० डिसेंबर १९८४ ला लंडनच्या कॅम्डेनमध्ये मोठा मदत-जलसा झाला, त्यात ब्रॉन्स्की बीट हा बँड गायला. संप हरला. पण जून १९८५ च्या प्राइड मोर्चात खाणकामगार आपले बॅनर घेऊन सगळ्यात पुढे चालले, आणि त्याच वर्षी लेबर पक्षाच्या अधिवेशनात समलैंगिकांच्या हक्कांचा ठराव खाणकामगार युनियनच्या मतांच्या जोरावर मंजूर झाला.

यातली बरीच पात्रं खरी आहेत, पण ज्याच्या डोळ्यांनी आपण सिनेमा बघतो तो 'जो' नावाचा पोरगा लेखकानं रचलेला आहे. कुणी विचारलंच तर सांगा. आणि लाल बावट्याचे जुने कार्यकर्ते येणार असतील तर एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मार्क ॲश्टन कम्युनिस्ट होता, यंग कम्युनिस्ट लीगचा सरचिटणीस झाला. सिनेमानं हे जवळजवळ बाजूलाच ठेवलंय. १९८७ मध्ये, अवघ्या २६ व्या वर्षी, तो एड्सनं गेला.

आता तारीख. इथं घाई केली की बाकी सगळी तयारी फुकट. १ मे सुचवणारा एक तरी निघतोच, कामगार दिन आहे ना म्हणून. पण त्या दिवशी प्रत्येक युनियनचा स्वतःचा कार्यक्रम असतो, लग्नाची तिथ दाट असते, हॉल मिळत नाही, मिळाला तर शेजारच्या मंगल कार्यालयात बॅन्जो वाजत असतो, आणि पारा बेचाळीसच्या घरात. एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुका. दसऱ्यापासून पुढे ऊसतोड मजूर कोयता घेऊन फडावर गेलेले असतात, ते पाडव्याच्या आसपास परततात. बीड जिल्ह्यात कामगारांसाठी कार्यक्रम घ्यायचा आणि नेमके ऊसतोडवाले गावात नसताना घ्यायचा, याला अर्थ नाही. जूनमध्ये पेरणी. माझ्या मते आषाढी एकादशी झाल्यापासून श्रावण लागेपर्यंतचे दिवस सगळ्यात बरे. पेरण्या उरकलेल्या असतात, पंढरपूरला गेलेले परत आलेले असतात आणि वैजनाथाच्या श्रावणी सोमवारची गर्दी अजून सुरू व्हायची असते. फक्त हे आखाडाचे रविवार, म्हणजे घरोघरी मटण. तेव्हा दुपारी एकची वेळ ठेवणाऱ्याला प्रेक्षक मिळणार नाहीत. तीनची ठेवा. जेवून, थोडं लवंडून माणसं येतात.

तारीख पक्की करण्याआधी पल्स पोलिओचा रविवार तर नाही ना हे आशाताईंना विचारा. त्या दिवशी आशा आणि अंगणवाडीसेविका बूथवर असतात, म्हणजे तुमचा निम्मा प्रेक्षक बूथवर. आचारसंहिता, रमजान, आठवडी बाजार हेही कॅलेंडरवर बघून घ्या.

वेळ दुपारचीच का, याचं गणित सोपं आहे. उघड्या मैदानात पडदा लावायची हौस सगळ्यांना असते, जत्रेतल्या टुरिंग टॉकीजची आठवण काढत. पण उन्हाळ्या-पावसाळ्यात अंधार पडायला साडेसात होतात. तिथून दोन तास सिनेमा, मध्ये दहा मिनिटांची सुट्टी, की वाजले पावणेदहा. दहाला उघड्यावरचा लाऊडस्पीकर बंद करावाच लागतो. म्हणजे चर्चा गेली. आणि खेड्यांकडे जाणाऱ्या शेवटच्या एसट्या त्याच्या कितीतरी आधी निघून गेलेल्या. बाई माणसानं त्या वेळी सिरसाळ्याला किंवा धर्मापुरीला जायचं कसं? बंद हॉल, दुपारी तीन, साडेसहाला सगळं आटोपलेलं. जवळच्या गावांच्या शेवटच्या गाड्यांच्या वेळा डेपोत जाऊन लिहून आणा आणि दाराशीच मोठ्या अक्षरांत लावा. बायकांना एसटीचं अर्धं तिकीट आहे, ते निमंत्रणात आठवणीनं टाका. त्या एका ओळीनं चारदोन जणी जास्त येतात.

परवानग्यांचं पटकन सांगते. घरच्या ओटीटीवर सिनेमा आहे म्हणून तो हॉलमध्ये लावता येतो, असं नाही. ते पैसे घरी बघायचे. सार्वजनिक प्रयोगासाठी सिनेमाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी लागते, आणि १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे जाहीर प्रदर्शनासाठी सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. दोन्हींबद्दल एकाच मेलमध्ये विचारा, तिकीट नाही, किती खुर्च्या आहेत, कुठल्या गावात आहे हे सगळं लिहून. दीड-दोन महिने हातात ठेवा, उत्तरं लवकर येत नाहीत. पोलिस स्टेशनला अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात विषय सरळ लिहा. झाकून लिहिलेला अर्ज नंतर आपल्याच अंगाशी येतो.

भाषेचं काम सगळ्यात किचकट आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. सिनेमातली इंग्रजी वेल्सच्या वळणाची आहे, ती इंग्रजीच्या प्राध्यापकांनाही पहिल्या झटक्यात कळत नाही. मराठी सबटायटल्स आयती मिळतील या भरवशावर राहू नका. करायची ठरवली तर हक्कवाल्यांना त्याच मेलमध्ये तेही विचारा. भाषांतर पुस्तकी झालं की मेलं. 'मी आपला ऋणी आहे' असं खाणकामगार म्हणत नाही, 'लई उपकार झाले' म्हणतो. एका ओळीत फार शब्द नकोत, दोन ओळींच्या वर जाऊ नका, आणि अक्षर पिवळं ठेवा, कारण उजळ, पांढरट दृश्यावर पांढरं अक्षर दिसत नाही. मग चाचणी. हॉलमध्येच घ्यायची, लॅपटॉपवर नाही. एखाद्या चष्मेवाल्या, निवृत्तीला आलेल्या सेविकाताईंना शेवटच्या रांगेत बसवा आणि त्यांना मोठ्यानं वाचायला सांगा. ताई पहिली ओळ वाचतात, दुसरीच्या मध्यावर असतात आणि ओळ पुसली जाते. "अगं थांबव की जरा, पळतंय कुठं एवढं!" हे वाक्य जिथं जिथं येईल तिथं खूण करा. तेवढ्या ओळी छाटायच्या.

आणि वाचता न येणारे? ऊसतोडीला आईबापाबरोबर फिरलेल्या पिढीतले कितीतरी जण शाळेत टिकलेच नाहीत. त्यांच्यासाठी निवेदक ठेवा. बाजूला हळू आवाजात माइक घेऊन उभा राहणारा, दर प्रसंगाच्या सुरुवातीला दोनतीन वाक्यांत काय चाललंय ते सांगणारा. कीर्तन ऐकलेला किंवा वगनाट्यात काम केलेला माणूस असेल तर सोन्याहून पिवळं, फक्त त्यानं स्वतःचे विनोद घालायचे नाहीत. सिनेमात हसण्यासारखं आधीच भरपूर आहे. वेल्सच्या म्हाताऱ्या बायका लंडनहून आलेल्या पोरींना जे प्रश्न विचारतात ते ऐकून आपल्याकडच्या आज्या हसून लोळतील.

हॉल, पडदा, आवाज याबद्दल फार लिहीत नाही, साउंडवाला आणि मंडपवाला तुमच्यापेक्षा जास्त जाणतात. खिडक्यांना काळं कापड, कारण दुपार आहे. लॅपटॉपची आणि प्रोजेक्टरची वायर आदल्या दिवशी जोडून बघणं. जनरेटर भाड्यानं, डिझेलसकट, कारण पावसाळ्यात जरा वारं सुटलं की लाइट जाते आणि ज्या गावात वीज तयार होते तिथंही जाते. मागे खुर्च्या, पुढे सतरंज्या. पाण्याचे जार, आणि हात धुवायला वेगळं पाणी.

संडास मात्र स्वतः जाऊन बघा. कडी लागते का, दिवा आहे का, बादली-मग आहे का. बायकांचा, पुरुषांचा यांच्याशिवाय एक असा हवा की ज्याच्या दारावर काहीच लिहिलेलं नाही आणि कुणीही जाऊ शकतं. तृतीयपंथी पाहुणे येणार असतील तर ही सोय नसताना त्यांना बोलावणं म्हणजे चार तास पाणी न पिता बसा म्हणण्यासारखं आहे. बाहेरगावाहून, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याहून, कुणाला बोलावलं तर राहण्याची सोय लॉजवर ढकलू नका. काउंटरवर आधार कार्ड उलटसुलट बघत होणारी चौकशी पाहुण्याच्या वाट्याला का यावी? कुणाच्या तरी घरी, घरातल्यांना आधी सांगून. प्रवासखर्च आणि मानधन पाकिटात, कार्यक्रमाच्या आधी. गावातल्या हिजडा मंडळींना बोलवायचं तर त्यांच्या गुरूंच्या घरी जाऊन, बसून, रीतसर बोलवा. आणि बोलावलं ते प्रेक्षक म्हणून, हे स्पष्ट करा. आशीर्वाद द्या, दोन गाणी म्हणा, असली फर्माईश त्या दिवशी करायची नाही.

निमंत्रणावर काय लिहायचं यावर बैठकीत भांडण होणार, होऊ द्या. एक बाजू म्हणेल 'कामगार एकजुटीचा सिनेमा' एवढंच लिहा, बाकीचं आत आल्यावर कळेल. मला हे पटत नाही. फसवून आणलेला माणूस मध्यंतराला निघून जातो आणि बाहेर चार जणांना सांगतो. गंमत म्हणजे खुद्द हॉलिवूडनं हेच केलं होतं. अमेरिकेत डीव्हीडी आली तेव्हा तिच्या वेष्टनावरून समलैंगिक हा उल्लेखच गाळला आणि फोटोतला त्या गटाचा बॅनरही पुसला. त्यावर बरीच टीका झाली. आपण पुसू नये. 'संपावरच्या खाणकामगारांना समलैंगिक तरुणांनी केलेल्या मदतीची खरी गोष्ट' एवढं एक वाक्य पुरे. ज्याला यायचं तो येईल.

पण सिनेमाबद्दल उघड, आणि येणाऱ्यांबद्दल पूर्ण गुप्त, हे दोन्ही एकदम सांभाळायचं आहे. दारात नाव, गाव, मोबाइल लिहायची वही ठेवायची आपली जुनी सवय. ती वही या कार्यक्रमाला नको. माणसं मोजायची असतील तर चहाचे कप मोजा. हॉलमध्ये फोटो नाहीत, रील नाही, लाइव्ह नाही. लोकल चॅनलचे पत्रकार येतील, त्यांना पडद्याचा आणि संयोजकांचा फोटो सुरुवातीला काढू द्या, मग कॅमेरे बंद. तालुक्याच्या गावात एक पुसट फोटोही पुरतो. कुणाचा तरी मावसभाऊ तो झूम करून बघतो आणि संध्याकाळपर्यंत घरी फोन जातो. ज्याला दिवे गेल्यावर येऊन दिवे लागण्याआधी जायचंय त्याच्यासाठी मागचं दार उघडं ठेवा, आणि तिथं कुणी उभं राहून 'कोण तुम्ही?' विचारणार नाही एवढं बघा.

पुढच्या दारावर धिप्पाड पोरं उभी करू नका. दोन अंगणवाडीताई टेबल टाकून बसवा. गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनी खिचडी खाऊ घातलेली असते, गोंधळ घालायला आलेलासुद्धा आधी "ताई, बऱ्या आहेत का?" विचारतो. तरी कुणी निवेदन घेऊन, घोषणा देत आलाच तर निवेदन घ्यायचं, पाणी द्यायचं, हॉलबाहेर एकानंच बोलायचं. तो एकजण कोण ते आदल्या दिवशी ठरलेलं हवं. कायद्याचं विचारलं तर उत्तर तयार ठेवा. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं दोन सज्ञान माणसांच्या परस्परसंमतीच्या समलैंगिक संबंधांना तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ३७७ च्या गुन्ह्यातून बाहेर काढलं आहे. लग्नाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही, हेही खरं तेच सांगा.

मध्यंतर हवंच, आपल्याकडे त्याशिवाय सिनेमा पुरा वाटत नाही. खाणकामगारांच्या हॉलमध्ये बाया उठून 'ब्रेड अँड रोझेस' हे गाणं म्हणतात तो प्रसंग संपला की दिवे लावा. चहा, चिवडा, दहा मिनिटं. या दहा मिनिटांत भाषण नाही. प्रमुख पाहुणा, हार, नारळ, 'दोन शब्द' यांतलं काहीच या कार्यक्रमात नको. आमदारांचा पीए फोन करून 'साहेब पाच मिनिटं येऊन जातील' म्हणाला तर साहेबांनी खाली बसून पूर्ण सिनेमा बघावा, असं नम्रपणे कळवा.

चर्चा कोण सुरू करतो यावर तिचा पोत ठरतो. पहिला माइक युनियनकडे द्या, आणि प्रश्न सिनेमाबद्दलचा नको. एसटीचा संप ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. अंगणवाडीसेविका डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ रस्त्यावर होत्या. त्या दिवसांत किराणा कुणी उधार दिला, शाळेची फी कुणी भरली, ओळख नसताना कोण धावून आलं आणि ओळखीतलं कोण तोंड फिरवून गेलं, हे विचारा. कंडक्टर लोक यावर तासभर बोलतील, थांबवावं लागेल. मग दुसरा माइक दुसऱ्या यजमानांकडे. पण हॉलमध्ये बसलेल्या कुणाही गे मुलाला, लेस्बियन मुलीला 'तू तुझं सांग' असं म्हणायचं नाही. ज्याला सांगायचंय तो हात वर करील. बाकीच्यांसाठी चिठ्ठ्या आणि एक खोका ठेवा, नाव न लिहिता प्रश्न टाकता येतो. वात्रट चिठ्ठ्या निघतील, त्या वाचणाऱ्यानं चेहरा न बदलता बाजूला ठेवायच्या.

परळीत एक प्रश्न ठरलेला येणार: मग त्या खाणींचं झालं काय? औष्णिक केंद्रातले कंत्राटी कामगार विचारतील. ते कोळशाच्या वाघिणी आणि राख रोज बघतात, आणि २०१५ च्या दुष्काळात पाण्यावाचून संच बंद पडले ते दिवसही त्यांनी काढलेत. त्यांना गोड करून सांगू नका. संप ३ मार्च १९८५ ला मोडला, खाणी एकेक करून बंद झाल्या, ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसा खाण डिसेंबर २०१५ मध्ये आणि कोळशावरचं शेवटचं वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं. एकजूट झाली म्हणून नोकऱ्या वाचल्या नाहीत. मुंबईच्या गिरणी संपाचं १९८२ नंतर काय झालं ते माहीत असलेला एखादा म्हातारा हॉलमध्ये असेल, तो पुढचं बोलेल. बोलू द्या. इथं कुणी घाईनं आशेचा मुद्दा काढला तर चर्चा तिथंच संपते.

शेवटचं कलम पैशाचं. सिनेमा बघून झाल्यावर लोकांचा हात खिशाकडे जातो, तेव्हा डबा तयार हवा. पण गोळा होणारा पैसा कशाला हे आधी ठरवून डब्यावर लिहिलेलं हवं, 'सामाजिक कार्यासाठी' असलं गोलमोल नको. कारखान्यातून काढलेल्या कुणाच्या केसचा खर्च, घरातून हाकललेल्या कुणाच्या खोलीचं भाडं, असं काहीतरी नेमकं. संस्था नोंदलेली नसेल तर जाहीर वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१ क ची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळवाले दरवर्षी ती काढतात, त्यांच्यातल्या कुणाला तरी विचारलं की फॉर्म भरून देतो. डबा हॉलमध्येच, दोन्ही यजमानांच्या समोर फोडा, आकडा फळ्यावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या. निमंत्रणासाठी गोळा केलेले नंबर त्याच रात्री फोनमधून पुसा. सतरंज्या मोजून द्या, मंडपवाला मोजतोच.